वाचनालयाच्या सर्व्हरला सहा डिस्क जोडताना : कामाच्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार

आमच्या वाचनालयातील जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांचे स्कॅनिंग फेब्रुवारीपासून चालू आहे. ए-फोर आकाराचे एक पान ४०० डीपीआयला रंगीत स्कॅन करून कॉम्प्रेशनशिवाय टिफ म्हणून ठेवले, तर सुमारे ४६ एमबी जागा घेते. एकूण पाने अंदाजे १,२०,००० आहेत, म्हणजे केवळ मूळ प्रतींसाठी साडेपाच टीबी जागा हवी, आणि आजवर झालेले सारे काम यूएसबीच्या सुट्या डिस्कांवर पडून आहे. चिपळूण इथून लांब नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले त्याची आठवण इथे प्रत्येकाला आहे, म्हणून सर्व्हर तळमजल्यावर ठेवायचा नाही, हा एकच मुद्दा कार्यकारी मंडळाने चर्चेविना मान्य केला.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला टॉवर सर्व्हर ३२ जीबी ईसीसी रॅमसह २४,००० रुपयांना मिळाला. अनेक डिस्क सर्व्हरला जोडणारे, एसएएस २००८ चिप असलेले आठ पोर्टांचे जुने कंट्रोलर कार्ड २,९०० रुपयांना, त्याच्या एका टोकाला चार साटा फाटे फुटणाऱ्या दोन केबली १,३०० रुपयांना, आणि ऑपरेटिंग सिस्टिमसाठी दोन लहान एसएसडी ३,८०० रुपयांना घेतल्या. चार टीबीच्या सहा नव्या डिस्क प्रत्येकी ९,६०० रुपयांना पडल्या. त्या मांडीवर घेऊन रेल्वेने आलो, कारण डिस्क पार्सलने पाठवण्याची माझी तयारी नव्हती.

९ जून, रविवार

मूळचे चार खण आणि वरच्या दोन मोठ्या खणांत लोखंडी पट्ट्या लावून केलेली सोय, अशा रीतीने सहाही डिस्क बसवल्या. फिरायला सुरुवात करताना साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टच्या तारेतून दोन अँपिअरच्या आसपास वीज ओढते, त्यामुळे सहाही डिस्क एकाच फाट्यावर न टाकता पॉवर सप्लायच्या दोन वेगळ्या तारांवर तीन-तीन अशा विभागल्या. जोडणीचे अडॅप्टर घेताना प्लास्टिक ओतून बंद केलेले टाळले आणि तारा दाबून बसवलेले घेतले, कारण पहिल्या प्रकारात आतल्या तारा एकमेकींना टेकून आग लागल्याची उदाहरणे आहेत.

सर्व्हर चालू केला. डिस्क फिरत असल्याचे हाताला जाणवत होते, पण कार्डाच्या स्वतःच्या पडद्यावर एकही डिस्क दिसत नव्हती. रात्री अकरापर्यंत कार्डाची जागा बदलली, बायोस पुन्हा पुन्हा तपासले. हाती काही लागले नाही.

१५ जून, शनिवार

पूर्ण आठवडा मी कार्डावर संशय घेत होतो. दोष केबलीत होता. एका बाजूला कंट्रोलरचा रुंद जोड आणि दुसऱ्या बाजूला चार साटा जोड असलेली केबल दोन प्रकारची असते. एक कंट्रोलरकडून डिस्ककडे जाणारी, तिला फॉरवर्ड म्हणतात, आणि दुसरी मदरबोर्डच्या साटा पोर्टांकडून, डिस्क जिच्यात खोचतात त्या पाठफळीकडे जाणारी, तिला रिव्हर्स म्हणतात. दोन्हींचे जोड हुबेहूब सारखे दिसतात आणि सारखेच घट्ट बसतात, फक्त आतल्या तारांची जुळणी वेगळी असते. माझ्याकडे रिव्हर्स आल्या होत्या. पाकिटावर तसे काहीही छापलेले नव्हते आणि घेताना मीही विचारले नव्हते. सारखेच कार्ड घेणाऱ्यांनी दुकानात ‘फॉरवर्ड ब्रेकआउट’ हे दोन शब्द उच्चारावेत आणि बिलावर लिहून घ्यावेत. नव्या दोन केबली १,७०० रुपयांना मागवल्या. जुन्या परत घेतल्या गेल्या नाहीत.

२२ आणि २३ जून

योग्य केबली लावताच कार्डाला सहाही डिस्क दिसल्या, पण डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमला एकही दिसली नाही. या कार्डावर रेड कंट्रोलरचे, म्हणजे अनेक डिस्कांचे गट करून चालवणारे, फर्मवेअर (कार्डातच साठवलेला प्रोग्राम) होते आणि ते डिस्क थेट पुढे देत नाही. प्रत्येक डिस्कचा एकेक स्वतंत्र ‘रेड-शून्य’ गट करून वेळ मारून नेण्याचा मोह झाला, तो मी आवरला. तसे केले असते तर डिस्कचे अनुक्रमांक आणि तिने स्वतः नोंदवलेले प्रकृतीचे स्मार्ट आकडे कार्डामागे झाकले गेले असते, आणि उद्या हे कार्ड मेले तर तशाच दुसऱ्या कार्डाशिवाय डिस्क वाचता येतील याची खात्री उरली नसती.

म्हणून कार्डावर आयटी प्रकारचे फर्मवेअर चढवायचे ठरवले, जे डिस्कांच्या मध्ये न येता त्या जशाच्या तशा सिस्टिमच्या हवाली करते. शनिवारी डॉसच्या पेनड्राइव्हवरून मेगारेक या साधनाने जुने फर्मवेअर पुसले. त्यानंतर नवे चढवण्याचे साधन डॉसमधून चालवताच ‘पॅल सुरू करता आले नाही’ अशी चूक दाखवून थांबले. यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) असलेल्या मदरबोर्डवर डॉसमधली आवृत्ती अडखळते, तेच साधन यूईएफआय शेलमधून चालवावे लागते, हे कळायला रविवारची दुपार झाली. तोवर कार्ड फर्मवेअरविना रिकामे होते आणि ते कायमचे गेले, असेच मला वाटत होते. शेलमधून काम चार मिनिटांत झाले. कार्डाच्या मागच्या कागदी पट्टीवर छापलेला एसएएस पत्ता मी काम सुरू करण्यापूर्वी वहीत उतरवून ठेवला होता, तो शेवटी पुन्हा भरावा लागतो. कार्डाचा बूट रॉम मात्र मुद्दाम चढवला नाही. ऑपरेटिंग सिस्टिम मदरबोर्डला जोडलेल्या एसएसडींवर असल्याने त्याची गरज नव्हती, आणि सर्व्हर चालू होण्याचा वेळही त्यामुळे कमी झाला.

हे कार्ड सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेले आहे. आमच्या टॉवरमध्ये तेवढा वारा नाही आणि अर्ध्या तासात त्याच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर बोट टेकवता येईना. ४० मिमीचा लहान पंखा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी त्यावर बांधला.

२९ जून, शनिवार

नव्या डिस्कवरही पहिल्या दिवशी विश्वास टाकायचा नाही, असे ठरवून बॅडब्लॉक्स या डिस्क तपासणाऱ्या साधनाची लिहिण्याची चाचणी सहाही डिस्कांवर एकाच वेळी सकाळी नऊ वाजता सुरू केली. ही चाचणी चार वेगवेगळे नमुने संपूर्ण डिस्कवर लिहून परत वाचते, म्हणजे आठ फेऱ्या होतात. चार टीबीच्या डिस्कला एका फेरीस पावणेनऊ तासांच्या आसपास लागत असल्याने एकूण ७० तासांचा हिशोब होता. ही चाचणी डिस्कवरील सर्व काही पुसते, हे मला पुरते ठाऊक होते.

३० जून, रविवार

ही नोंद लिहायला जड जाते, पण ती वगळली तर बाकीच्या नोंदींना अर्थ उरणार नाही.

दुपारी चारच्या सुमारास, चाचणीला ३१ तास झालेले असताना, वीज गेली. यूपीएस घ्यायचा राहिला होता. अर्ध्या तासाने वीज आल्यावर मी सर्व्हर चालू केला आणि कालचीच आज्ञा इतिहासातून वर आणून पुन्हा चालवली. त्या आज्ञेत डिस्कांची नावे एसडीसीपासून एसडीएचपर्यंत अशी लिहिलेली होती. आदल्या रात्री पाने उतरवण्यासाठी मी यूएसबीची एक डिस्क सर्व्हरला लावली होती आणि ती तशीच लागलेली राहिली होती. तेव्हा तिचे नाव एसडीआय होते. सर्व्हर नव्याने चालू झाला तेव्हा कंट्रोलर कार्डाच्या आधी यूएसबी ओळखले गेले आणि एसडीसी हे नाव त्या डिस्कला मिळाले.

त्या डिस्कवर मे महिन्यात स्कॅन केलेली ३,१०० पाने होती, आणि त्यांची दुसरी प्रत अजून काढलेली नव्हती. ती माउंट केलेली, म्हणजे फाइली वापरण्यासाठी सिस्टिमला जोडलेली, नसल्यामुळे बॅडब्लॉक्सनेही हरकत घेतली नाही. काहीही उतरवत नसताना यूएसबी डिस्कचा दिवा लुकलुकतो आहे, हे ग्रंथपालबाईंच्या लक्षात आले आणि मी चाचणी थांबवली. तोवर सहा मिनिटे झाली होती, म्हणजे साधारण ४० जीबीवर लिहून झाले होते.

६ जुलै, शनिवार

त्या डिस्कवर पुढे काहीही न लिहिता तिची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि त्या प्रतीवर फोटोरेक हे गेलेल्या फाइली शोधणारे साधन चालवले. फाइलींची यादी डिस्कच्या सुरुवातीच्या भागात असते, ती गेली होती. फोटोरेकला यादी लागत नाही. ते फाइलीच्या आरंभीची खूण शोधून फाइल वेगळी काढते, मात्र नावे आणि फोल्डर परत मिळत नाहीत. २,२०६ पाने शाबूत मिळाली, ८९४ गेली. मिळालेल्या पानांना नावे देण्यासाठी वाचनालयातील तिघांनी पाच संध्याकाळी पडद्यासमोर बसून प्रत्येक पानावरचा पृष्ठांक आणि मासिकाचा महिना वाचला. ज्यांच्या कामावर मी हे संकट आणले, त्यांनीच ते निस्तरले.

त्या दिवसापासून पाळलेली पद्धत अशी. डिस्कचे नाव म्हणून एसडीसी, एसडीडी ही अक्षरे कुठल्याही आज्ञेत वापरायची नाहीत, कारण ती दर सुरुवातीला नव्याने वाटली जातात. त्याऐवजी ‘बाय-आयडी’ फोल्डरमधील नाव वापरायचे, ज्यात डिस्कचे मॉडेल आणि अनुक्रमांक असतो. प्रत्येक डिस्कच्या पुढच्या कडेला अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक कागदी पट्टीवर लिहून चिकटवले आहेत, आणि कुठला खण, कुठली केबल, कोणता फाटा, कोणता अनुक्रमांक, याचा तक्ता सर्व्हरच्या झाकणाच्या आत लावला आहे. पुसणारी कुठलीही आज्ञा चालवण्यापूर्वी सर्व यूएसबी डिस्क काढून कपाटात जातात.

७ जुलै, रविवार

७,२०० रुपयांचा यूपीएस आणला. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की सर्व्हर आपणहून नीट बंद व्हावा, अशी मांडणी केली आणि भिंतीवरचे बटण बंद करून दोनदा पाहिली. त्यानंतर चाचणी पहिल्यापासून सुरू केली.

१३ आणि १४ जुलै

चाचणी ७१ तासांत पूर्ण झाली. खराब ब्लॉक एकाही डिस्कवर नाही, आणि स्मार्टमधील ५, १९७ व १९८ हे आकडे सर्वत्र शून्य आहेत. मात्र वरून दुसऱ्या डिस्कवर १९९ क्रमांकाचा आकडा २१४ झाला होता. हा आकडा डिस्कच्या पृष्ठभागाविषयी नसून, केबलीतून येताना माहिती बिघडल्याच्या घटना मोजतो. दोष डिस्कचा की केबलीचा, हे ठरवण्यासाठी मी त्या डिस्कचा फाटा शेजारच्या डिस्कशी बदलला आणि दोन्हींवर तीन तास वाचन लावले. आता शेजारच्या डिस्कचा आकडा वाढू लागला आणि पहिलीचा २१४ वरच थांबला. फाट्याला बाजूच्या पत्र्याने तीव्र बाक आला होता. कार्डावरील न वापरलेला फाटा वापरला, केबल सैल वळवली, आणि त्यानंतर वाढ झालेली नाही. हा आकडा पुन्हा शून्य करता येत नाही, म्हणून आजची किंमत झाकणावरच्या तक्त्यात तारखेसह लिहिली. पुढे कोणी पाहील तेव्हा २१४ जुने आहेत, हे त्यांना कळेल.

रविवारी रुळांवर दरड आल्याने कोकण रेल्वे बंद होती आणि सुटीवर असलेले मदतनीस पोचू शकले नाहीत, त्यामुळे पुढचे काम लांबणीवर पडले.

२० जुलै, शनिवार

झेडएफएस या फाइल सिस्टिमचा पूल, म्हणजे सगळ्या डिस्कांची मिळून एक साठवण, केला. सहाही डिस्क एका रेडझेड-दोन गटात घेतल्या, म्हणजे कोणत्याही दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी माहिती टिकते. एकच डिस्क जाण्याची मुभा देणारी मांडणी केली असती तर चार टीबी जास्त मिळाले असते. पण आमच्या गावी बदली डिस्क यायला आठवडा लागू शकतो, आणि त्या आठवड्यात उरलेल्या पाचांपैकी एखादी जाणार नाही यावर एवढे काम पणाला लावणे मला पटत नाही.

पूल करताना ‘अॅशिफ्ट’ची किंमत १२ दिली, म्हणजे ४,०९६ बाइटचा सेक्टर (डिस्क एका वेळी लिहिते तो सर्वात लहान तुकडा). या डिस्क आत ४,०९६ बाइटच्या आहेत, पण बाहेर ५१२ चा सेक्टर असल्याचेही सांगतात, आणि ही किंमत गट एकदा तयार झाल्यावर बदलता येत नाही. टिफ मोठ्या असल्याने रेकॉर्डचा आकार एक एमबी ठेवला. एलझेड-फोर कॉम्प्रेशन लावले, पण जुन्या कागदाचा पोत दर पिक्सेलला बदलतो, त्यामुळे प्रमाण १.०८ च्या पुढे गेले नाही.

चोवीस टीबीच्या डिस्क घेऊन यादीत साडेचौदाच्याही आत आकडा का दिसतो, असे कार्यकारी मंडळाने विचारले, ते योग्यच होते. दोन डिस्कांची जागा रक्षणासाठी जाते, राहिले सोळा टीबी. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि झेडएफएस १,०२४ च्या पटीत, म्हणून सोळाचे साडेचौदा होतात, आणि त्यातील थोडी जागा पूल स्वतःसाठी राखतो.

२७ आणि २८ जुलै

फेब्रुवारी ते जूनची सुमारे ३९,००० पाने, म्हणजे १.८ टीबी, पुलावर उतरवली. आधी प्रत्येक फाइलीची शा-२५६ बेरीज (मजकूर जराही बदलला तर बदलणारी खूण) काढून यादी केली होती, ती उतरवल्यावर पडताळली. तफावत नाही.

रविवारी सिस्टिमचे अपडेट घेऊन सर्व्हर पुन्हा चालू केला, तर पूलच नाहीसा झाला. डिस्क सगळ्या दिसत होत्या. डेबियनमध्ये झेडएफएसचे मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नेलसाठी (सिस्टिमच्या गाभ्यासाठी) त्याच यंत्रावर बांधले जाते, त्यासाठी त्या कर्नेलच्या हेडर फाइली लागतात, आणि मी सुरुवातीला हेडर फक्त त्या वेळच्या कर्नेलपुरते बसवले होते. दर नव्या कर्नेलसोबत हेडर आणणारे सर्वसाधारण पॅकेज बसवले, मॉड्यूल बांधले गेले, पूल जसाच्या तसा परत आला. एक तास गेला.

१० आणि ११ ऑगस्ट

राखीव म्हणून सातवी डिस्क ९,६०० रुपयांना मागवली होती. खरी आपत्ती येण्याआधी डिस्क बदलण्याचा सराव व्हावा म्हणून, चालू पुलातील एक डिस्क पाटीवरचा अनुक्रमांक पाहून काढली आणि तिच्या जागी राखीव लावली. तासाभरात वेग उतरला आणि पुढे सेकंदाला काही एमबींवर आला. एका डिस्कवरची ४५० जीबी माहिती भरायला २६ तास लागले. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मध्यरात्रीनंतर डेबियन पुलाची पडताळणी आपोआप सुरू करते, तीही या भरणीमुळे सुरू झाली नाही.

डिस्कचे मॉडेल नीट वाचल्यावर कारण मिळाले. पहिल्या सहांच्या आणि हिच्या मॉडेलमध्ये केवळ शेवटची अक्षरे वेगळी आहेत. ही एसएमआर प्रकारची आहे, तिचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. त्यामुळे मधला एक भाग बदलायचा तर पुढचे अनेक ट्रॅक पुन्हा लिहावे लागतात, आणि अशी भरणी हेच तिचे सर्वात दुबळे अंग आहे. खोक्यावर याचा उल्लेख नव्हता. एचडीपार्म या साधनाने विचारले असता फिरत्या डिस्कनेही ट्रिम (मोकळ्या झालेल्या जागेची डिस्कला सूचना, जी सहसा एसएसडीत असते) येते असे सांगितले, ही एसएमआरची चांगली खूण आहे. पण खरेदीपूर्वी उत्पादकाच्या माहितीपत्रकात पूर्ण मॉडेल क्रमांक ताडून पाहणे, हाच खात्रीचा मार्ग. पहिल्या सहांसाठी मी तसे केले होते, सातवीसाठी केले नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

विक्रेत्याने डिस्क बदलून दिली, जाण्यायेण्यात बरेच दिवस गेले. नव्या डिस्कवर बॅडब्लॉक्स पूर्ण केल्यानंतर तोच सराव पुन्हा केला. भरणी दोन तास पाच मिनिटांत झाली. काढलेली मूळ डिस्क आता राखीव म्हणून पाटीसह कपाटात आहे.

३१ ऑगस्ट, शनिवार

पुलाची दुसरी प्रत पुण्याला एका स्वयंसेवकांच्या घरी, त्यांनीच घेतलेल्या आठ टीबीच्या डिस्कवर राहील. पहिली प्रत स्नॅपशॉट (पुलाची त्या क्षणीची गोठवलेली स्थिती) काढून डिस्कवर भरली आणि ते स्वतः एसटीने घेऊन गेले. पुढे दर महिन्याला साधारण ८,००० पानांची, म्हणजे ३७० जीबीच्या आतली भर पडेल. आमच्या जोडणीतून वर जाणारा वेग सेकंदाला ४० मेगाबिट धरला तरी त्याला वीस तास लागतात, म्हणून ती तीन रात्रींत विभागून पाठवायची आहे.

आजवरचा खर्च प्रवास वगळून १,०८,७४० रुपये झाला. त्यात पंखा, पट्ट्या व किरकोळ वस्तूंचे ६४० रुपये आहेत, आणि चुकीच्या केबलींचे १,३०० रुपये निव्वळ वाया गेले. दोन आठवडे धरून चाललेले काम बारा आठवड्यांवर गेले.

८ सप्टेंबर, रविवार

गणपतीसाठी वाचनालय बंद आहे. मध्यरात्री सुरू झालेली पडताळणी पहाटेपूर्वी संपली आणि तिची पत्रिका घरी ईमेलवर आली. दुरुस्त केलेले शून्य बाइट, चुका शून्य, १९९ चा आकडा २१४ वर तसाच. गमावलेल्या ८९४ पानांपैकी ८६३ पाने पुन्हा स्कॅन होऊन पुलावर आणि पुण्याला पोचली आहेत. उरलेली ३१ पाने एकाच खंडातील असून त्याची शिलाई उसवली आहे. बाइंडरकडून तो खंड विसर्जनानंतर परत येईल, तेव्हा ती घ्यायची आहेत.